परक्याचें सुतक

मार्च २०२४ मध्यें अकिरा तोरियामा ह्या जपानी चित्रकथाकाराच्या मृत्यूची वार्ता जगभर पसरली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं एका वाङ्मयमंडळाच्या सभेस उपस्थित राहण्याचा प्रसंग मजवर आला. ‘प्रसंग’ हा शब्द मीं समजूनच वापरला आहे. वक्ते विद्वान् होते, वयोवृद्ध होते, आणि त्यांचा विषय ‘तरुण पिढीची वाङ्मयाभिरुचि’ असा होता. हा विषय निघाला म्हणजे रुचीपेक्षां अरुचीचेंच वर्णन ऐकावयास मिळतें हें दीर्घ अनुभवानें मला ठाऊक आहे. त्यामुळें पहिला अर्धा तास मीं शांतपणें काढला. पण पुढें वक्त्यांची गाडी तोरियामांवर आली. पोरासोरांसाठीं राक्षसांच्या मारामाऱ्या काढणारा कोणी एक परदेशी गृहस्थ मरतो काय, आणि आमचीं पदवीधर मुलें त्याचें सुतक धरतात काय! ज्याला कधीं पाहिलें नाहीं, ज्याची भाषा येत नाहीं, ज्याचा आपला कांहीं संबंध नाहीं, त्याच्यासाठीं हे अश्रू. आणि इकडे मराठी लेखकाच्या अंत्ययात्रेला पन्नास माणसें मिळण्याची मारामार! सभागृहांत हंशा पिकला. मागच्या रांगेंत बसलेलीं सातआठ मुलें मात्र हंसलीं नाहींत. त्यांतली एक मुलगी माझ्याच वर्गांतली होती. ती उठून बाहेर गेली. अध्यक्षांनीं आभार मानले, चहा झाला, आणि मीहि चहा घेऊन घरीं आलों. तेथें मला बोलतां आलें असतें. मी बोललों नाहीं. म्हणून हा लेख.

प्रथम हा मनुष्य कोण तें सांगितलें पाहिजे. कारण वक्त्यांना तें ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नसणें ही त्यांना भूषणाची गोष्ट वाटत होती. तोरियामा ह्यांचा जन्म ५ एप्रिल १९५५ चा, जपानांतील आइची प्रांतांतला. नागोया शहरांत जाहिरातींचीं चित्रें काढण्याची नोकरी त्यांनीं कांहीं काळ केली, ती सोडली, आणि ‘शोनेन जंप’ नांवाच्या मुलांच्या साप्ताहिकाकडे ते चित्रकथा पाठवूं लागले. १९८० सालीं त्यांची ‘डॉ. स्लम्प’ ही विनोदी कथा सुरू झाली. एका विक्षिप्त शास्त्रज्ञानें बनविलेली, चष्मा लावणारी आणि लहर लागली तर एका ठोशानें पृथ्वीचे दोन तुकडे करणारी यांत्रिक मुलगी ही तिची नायिका. १९८४ च्या अखेरीस ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झाली व १९९५ च्या मे महिन्यांत संपली. साडेदहा वर्षांत ५१९ प्रकरणें! वर्षाचे आठवडे किती ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा, म्हणजे ह्या माणसानें किती आठवडे विश्रांति घेतली तें कळेल. ह्या काळाच्या शेवटीं शेवटीं त्या साप्ताहिकाच्या एकेका अंकाच्या ६५ लाखांपर्यंत प्रती निघत. १ मार्च २०२४ रोजीं मेंदूच्या आवरणाखालीं रक्तस्राव होऊन ते वारले, वय ६८. वार्ता प्रसिद्ध झाली ती ८ मार्चला, घरच्या माणसांनीं अंत्यविधि उरकल्यावर. आणि फुलें पाठवूं नयेत, भेटीस येऊं नये, अशी विनंति तिच्यांत होती.

फुलें पाठवूं नका म्हटल्यावर लोकांनीं दुसरें कांहीं शोधून काढलें. फ्रान्सच्या अध्यक्षांनीं जाहीरपणें आदरांजलि वाहिली. चीनच्या परराष्ट्रखात्याकडून दुःख व्यक्त झालें. चीन आणि जपान ह्यांचे परस्परसंबंध ज्यांना माहीत आहेत त्यांना ह्याचें मोल कळेल. पण मला ह्या सर्वांहून अधिक महत्त्वाची वाटते ती ब्यूनॉस आयरिस येथील हकीकत. त्या शहराच्या मध्यभागीं जो उंच स्तंभ आहे त्याच्याभोंवतीं मोठा जमाव जमला आणि त्या लोकांनीं आपले दोन्ही हात आकाशाकडे उचलून धरले. ह्या हात उचलण्याचा अर्थ कथा वाचल्याशिवाय कळावयाचा नाहीं. अगदीं शेवटचें संकट येतें तेव्हां कथेंतला नायक दोन्ही हात वर करून झाडें, पशु, माणसें ह्या साऱ्यांजवळ थोडें थोडें बळ मागतो. प्रत्येकाचें तें कणभर बळ एकवटून त्याचा तेजाचा गोळा होतो. तें बळ देणाऱ्यानें हात वर करून द्यावयाचें असतें. त्या चौकांतले लोक वर्षानुवर्षें ज्याच्यापासून घेत आले त्याला त्यांनीं त्या दिवशीं देऊं केलें. पुरोहित नव्हता, मंत्र नव्हता. विधि त्यांनीं मृताच्याच ग्रंथांतून काढला. आपल्या किती ग्रंथकारांच्या ग्रंथांतून असा विधि काढतां येईल ह्याचा विचार मीं करून पाहिला, आणि फार वेळ करूं नये असें मला वाटलें.

आतां वक्त्यांच्या प्रश्नाकडे येऊं. ज्याला पाहिलें नाहीं त्याच्यासाठीं शोक कसा? हा प्रश्न संस्कृतज्ञ पंडितानें विचारावा ह्याचें आश्चर्य वाटतें. वाल्मीकीचें त्या क्रौंचाशीं कोणतें नातें होतें? तो त्याच्या गोत्रांतला होता कीं आश्रमांतला? आपलें आदिकाव्य जन्मास आलें तेंच मुळीं परक्याच्या सुतकांतून. त्या दिवशीं तमसेच्या कांठीं आमचे वक्ते असते तर त्यांनीं मुनीला विचारलें असतें कीं, महाराज, एका पांखरासाठीं हें काय चालविलें आहे? आणि रामायण राहून गेलें असतें.

कोणी म्हणेल कीं, क्रौंच निदान डोळ्यांसमोर पडला होता. ठीक आहे. पण डोळ्यांसमोर असणें म्हणजे काय? ज्या मुलानें वयाच्या दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत एका माणसाच्या हातची रेषा पाहिली, त्या रेषेंत झालेला बदल ज्याला आपल्या बोटांइतका ओळखीचा झाला, त्याच्या डोळ्यांसमोर तो माणूस नव्हता असें म्हणावें, आणि वर्षांतून एकदां लग्नकार्यांत भेटणारा चुलत-मामा मात्र होता असें म्हणावें, हें मला पटत नाहीं. सुतकाचे दिवस आपण त्या मामाचे पाळतों. पाळावे, मी धर्मशास्त्रांत हात घालीत नाहीं. पण शास्त्रानें ठरवून दिलेलें सुतक खरें आणि मनानें धरलेलें खोटें, हा न्याय कोठला?

ह्या बाबतींत एक भेद मात्र केला पाहिजे, आणि तो आपल्याच साहित्यशास्त्रानें शिकविला आहे. शोक निराळा आणि करुणरस निराळा. १९७० सालीं तोकियोंत एक चमत्कारिक गोष्ट घडली. ‘आशिता नो जो’ ह्या मुष्टियोद्ध्यांवरील चित्रकथेंत रिकिइशी नांवाचा प्रतिस्पर्धी योद्धा मरण पावला. हा रिकिइशी कधीं जन्मलाच नव्हता, तो कागदावरचा. तरीहि २४ मार्च रोजीं प्रकाशकाच्या कचेरींत त्याचा रीतसर अंत्यविधि करण्यांत आला आणि त्याला सुमारें सातशें माणसें आलीं. ह्या विधीची योजना शुजी तेरायामा ह्या कवि-नाटककारानें केली होती, म्हणजे जमलेल्यांत निदान एक मनुष्य तरी आपण काय करीत आहों हें पुरतें जाणून होता. ह्या प्रकारास वाटल्यास हंसा. तो रसाचा पूर कांठ सोडून बाहेर आल्याचा प्रकार होता. रिकिइशीच्या मरणांत वाचकांना गोडीहि होती. करुणरसाचा आस्वाद म्हणतात तो हाच. तोरियामांच्या मरणांत कसलाहि आस्वाद नाहीं. तेथें विभाव, अनुभाव कांहीं नाहीं. एक मनुष्य खरोखर गेला आणि आतां त्याच्या हातची एकहि नवी रेषा उमटणार नाहीं. वक्त्यांनीं ह्या दोहोंची गल्लत केली. मुलें काल्पनिक मारामारीसाठीं रडत आहेत असें त्यांना वाटलें. तीं एका कारागिरासाठीं रडत होतीं.

ह्याच संदर्भांत आणखी एक गोष्ट. मराठी घरांतील लहान मुलें २००५ सालापासून ‘डोरेमॉन’ हें मांजर दूरचित्रवाणीवर हिंदींत बोलतांना पाहत आलीं. त्याच्या दोन जनकांपैकीं हिरोशी फुजिमोतो हे १९९६ सालींच वारले होते. ‘शिन-चॅन’चे कर्ते योशितो उसुई २००९ च्या सप्टेंबरांत डोंगरावरून पडून गेले, त्या वेळीं आमच्या शेजारचीं मुलें त्या खट्याळ पोराच्या लीला पाहून रोज खदखदां हंसत होतीं, आणि त्यांतल्या एकालाहि कर्त्याचें नांव ठाऊक नव्हतें. मुलांना तें ठाऊक नसावें हें स्वाभाविकच आहे. गोष्टीला कोणी कर्ता असतो हें मुलाला फार उशिरां कळतें. पण पुढें तेंच मूल वाढून ‘हें कोणी काढलें?’ असें विचारूं लागतें, कर्त्याचें नांव लक्षांत ठेवतें, एका हातची रेषा दुसऱ्या हातच्या रेषेहून निराळी ओळखतें, आणि तो हात थांबला म्हणजे त्याला वाईट वाटतें. वाङ्मयाभिरुचि म्हणून जी वस्तु वक्ते दिवा घेऊन शोधीत होते ती ह्याहून वेगळी ती काय असते? ती मागच्या रांगेंत बसली होती, आणि त्यांनीं तिला हंसून घालवून दिलें.

राहिला दर्जाचा प्रश्न. मी तोरियामांना व्यासाच्या पंक्तीला बसवीत नाहीं. माझें मत विचाराल तर ‘ड्रॅगन बॉल’चा उत्तरार्ध कंटाळवाणा आहे. एक शत्रु पडतो, त्याहून बलवान् दुसरा येतो, मग तिसरा. आणि सात गोळे गोळा केले कीं मेलेलीं माणसें उठून बसतात, त्यामुळें मरणाचा भाव फार उतरतो. ‘डॉ. स्लम्प’ मला अधिक आवडली. तिच्यांतला निर्हेतुक खट्याळपणा पुढें त्यांना क्वचितच साधला. पण चित्रांची गति? एका चौकटींतून दुसऱ्या चौकटींत नजर अशी घसरत जाते कीं, वाचकास पान उलटल्याचें भान राहत नाहीं. कोण कोठें उभा आहे, ठोसा कोठून आला, धूळ कोणत्या बाजूला उडाली, ह्यांत एका पानावरहि घोटाळा नाहीं. इतकी स्वच्छ वाक्यरचना आमच्यापैकीं किती प्राध्यापकांना येते, हें मासिकांचे संपादक सांगूं शकतील.

शिवाय दर्जाच्या बाबतींत आम्हां इंग्रजी शिकविणाऱ्यांनीं थोडें जपून बोलावें, हें बरें. चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजीं वारला. आपला अंत्यविधि गाजावाजा न करतां व्हावा अशी त्याचीहि इच्छा होती. त्याप्रमाणें १४ जूनला सकाळीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें मोजक्या माणसांसमक्ष त्याला पुरलें. पण बातमी फुटली, थडगें उघडें ठेवावें लागलें, आणि हजारों माणसें रांग लावून फुलें टाकून गेलीं. त्यांतल्या बहुतेकांनीं त्याला कधीं पाहिलें नव्हतें. ‘एड्विन ड्रूड’ ही त्याची शेवटची कादंबरी बारा हप्त्यांची व्हावयाची, ती सहा हप्त्यांवर थांबली. खुनी कोण, ह्यावर अजून वाद चालतात. आतां पुढें काय झालें तें पहा. १९४८ सालीं केम्ब्रिजचे समीक्षक एफ्. आर्. लीव्हिस ह्यांनीं इंग्रजी कादंबरीच्या ‘थोर परंपरे’ची यादी केली आणि डिकन्सला तींतून वगळलें, त्याची एक कादंबरी तेवढी कशीबशी आंत घेतली. हा थोर खरा, पण करमणूक करणारा, असा निकाल. १९७० सालीं त्याच लीव्हिससाहेबांनीं पत्नीच्या सहकार्यानें डिकन्सवर एक जाडजूड ग्रंथ लिहून त्याला थोर कादंबरीकारांत बसविलें. रांगेंतल्या बायाबापड्यांना जें शंभर वर्षांपूर्वीं कळलें होतें तें कळण्यास केम्ब्रिजला आणखी बावीस वर्षें लागलीं. फ्रान्सचीहि कथा अशीच. १९८९ मध्यें तेथील सेगोलेन रॉयाल ह्या राजकारणी बाईंनीं दूरचित्रवाणीवरील जपानी चित्रपटांमुळें मुलें बिघडतात असें पुस्तक लिहिलें. ‘ड्रॅगन बॉल’ तेथें १९८८ पासून दाखविली जात होती. २०१९ सालीं त्याच राष्ट्रानें कला आणि साहित्य ह्यांसाठीं असलेल्या आपल्या सन्मानाची पदवी तोरियामांना दिली. फ्रेंचांना तीस वर्षें लागलीं. आम्ही किती घेणार आहों?

‘करमणूक’ हा शब्द तर मराठी माणसानें शिवी म्हणून वापरूंच नये. हरि नारायण आपटे ह्यांनीं १८९० सालीं आपल्या साप्ताहिकाला बुद्ध्याच तें नांव दिलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी त्याच्याच अंकांतून हप्त्याहप्त्यानें निघाली. आज आम्ही ती विद्यापीठांत शिकवितों, टिपा देतों, परीक्षा घेतों. तेव्हांचे वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होते, एवढाच काय तो फरक.

परकीयत्वाचा आक्षेप मात्र मला गंमतीचा वाटला. तोरियामांच्या नायकाचें नांव सोन गोकू. हें नांव त्यांनीं कल्पिलेलें नाहीं; ‘पश्चिमेची यात्रा’ ह्या सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध चिनी कादंबरींतला जो वानर, सुन वुखोंग, त्याच्या नांवाचा तो जपानी उच्चार आहे. नायकाला आरंभीं शेपूट आहे, हवी तेवढी लांब होणारी काठी आहे, बसून उडावयास ढग आहे. हें सर्व त्या वानराकडून आलेलें. आणि तो वानर पश्चिमेला निघाला होता म्हणजे कोठें? तर भारतवर्षांत, बौद्ध धर्मग्रंथ आणावयास निघालेल्या एका भिक्षूचा सेवक आणि रक्षक म्हणून. तो भिक्षु कल्पित नव्हे. तो आपला ह्युएन त्संग. सातव्या शतकांत तो खरोखर येथें आला, पुलकेशीच्या राज्यांत महाराष्ट्रांतहि येऊन गेला, आणि येथील लोक उपकार विसरत नाहींत व अपमानहि विसरत नाहींत असें वर्णन त्यानें लिहून ठेविलें. वानराचें मूळ आपल्या हनुमंतांत आहे असें हू श्र ह्या चिनी पंडितानें सुचविलें. लू शुन ह्यानें तें मानलें नाहीं, चिनी पुराणकथांतच त्याचें मूळ दाखविलें. हा वाद येथें सोडविण्याचें कारण नाहीं. पण ज्या कथेची वाट नालंदेवरून जाते तिच्या शेवटच्या कर्त्यासाठीं पुण्यानाशिकचीं मुलें हळहळलीं तर ‘ज्याचा आपला संबंध नाहीं’ असें तरी म्हणूं नये. आणि संबंध मुळींच नसता तरी काय बिघडलें असतें? शेक्सपिअरचा आणि आपला कोणता संबंध होता? त्याच्यावर तर मी तीस वर्षें पोट भरीत आलों आहें.

मराठी लेखकाच्या अंत्ययात्रेला पन्नास माणसें मिळत नाहींत, हें वक्त्यांचें म्हणणें एक वेळ खरें धरून चालूं. ह्याचा दोष त्यांनीं त्या सातआठ मुलांच्या पदरांत टाकला. मला विचाराल तर तो बराचसा आमच्या पदरांत पडतो. लेखकावर प्रेम करावयास शिकविण्याचें काम आमचें होतें. आम्हीं लेखकाचीं ‘वैशिष्ट्यें’ पाठ करावयास शिकविलीं. पांच गुणांच्या प्रश्नाला पांच वैशिष्ट्यें. ज्या लेखकाला मुलानें परीक्षेच्या आदल्या रात्रीं जिवंतपणींच पाठ करून पुरलें, त्याच्या मरणाची बातमी त्याला बातमी कशी वाटावी? सभेंतून उठून गेलेली ती मुलगी दुसऱ्या दिवशीं वर्गांत आली. मीं तिला थांबवून विचारलें. ती म्हणाली, “सर, ते बोलले त्याचं विशेष नाही वाटलं. तुम्हीही हसाल असं वाटलं, म्हणून उठले.” तिला तसें वाटण्यास कारण होतें. आदल्या वर्षीं तिनें प्रबंधिकेसाठीं हाच विषय मागितला होता. साप्ताहिक चित्रकथा आणि डिकन्सचे मासिक हप्ते ह्यांची तुलना. विषयास पुरेसें वाङ्मयीन मूल्य नाहीं, असा शेरा मारून मीं तो अर्ज परत केला होता. शेऱ्याखालीं माझी सही आहे. त्या वेळीं मीं त्या चित्रकथांचें एक पानहि वाचलेलें नव्हतें.

इतकें त्या मुलांच्या बाजूनें लिहिल्यावर आतां त्यांच्याशींहि थोडें भांडलें पाहिजे. कारण ह्या सुतकांत मला खटकणारी एक गोष्ट आहे, आणि ती वक्त्यांना खटकलेल्या गोष्टीहून वेगळी आहे.

‘बर्सर्क’ ह्या भीषण आणि भव्य चित्रकथेचे कर्ते केन्तारो मिउरा ६ मे २०२१ रोजीं महारोहिणीचें अस्तर फाटून वारले. वय अवघें ५४. १९८९ पासून चाललेली कथा अर्धीच राहिली. वार्ता दोन आठवड्यांनीं प्रसिद्ध झाली आणि वाचकांनीं पुन्हां विधि शोधून काढला: संगणकावरील एका खेळांत, जेथें जगभरचे खेळाडू एकत्र येतात तेथें, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या चिलखतांतील योद्धे निःशब्द ओळीनें उभे राहिले. दृश्य मोठें गंभीर होतें. पण तेच वाचक, किंवा त्यांतले पुष्कळ, त्याआधीं दहाबारा वर्षें काय करीत होते? कथेंतलीं माणसें एका नौकेवर चढलीं आणि वर्षांमागून वर्षें गेलीं तरी किनाऱ्याला लागलीं नाहींत, म्हणून ते मिउरांची थट्टा करीत होते. पुढचा भाग कोठें आहे, हा आळशी मनुष्य करतो काय, अशी ती थट्टा. मिउरांचें एकेक पान ज्यानें पाहिलें आहे, त्या बारीक रेघांचीं जंगलें, तें चिलखतावरचें नक्षीकाम, त्याला त्या मनुष्यास आळशी कसें म्हणवलें? त्यांचा मृत्यु कामामुळें झाला असें मी म्हणत नाहीं. तें वैद्यानें सांगावयाचें. मी वाचकांच्या जिभेबद्दल बोलत आहें.

योशिहिरो तोगाशी ह्यांची कथा तर अशीच वारंवार थांबते. कारण पाठीचें दुखणें. खुर्चीवर बसून काढणें आपल्याला सुमारें दोन वर्षें अशक्य झालें होतें असें त्यांनींच २०२२ मध्यें लिहिलें. त्यांच्या थांबण्यावरचे विनोद मला माझ्याच विद्यार्थ्यांनीं सांगितले आहेत, आणि ते सांगतांना त्यांना हंसूं आवरत नव्हतें. म्हणजे मेलेल्या कारागिरासाठीं हात आकाशाकडे उचलावयाचे, आणि जिवंत कारागिराची पाठ मोडली तर तिच्यावर विनोद करावयाचा. त्या सभेंतले वक्ते कारागीर आहे हेंच ओळखत नाहींत. तुम्हीं तर ओळखलें आहे, मग तुमचा अपराध मोठा नव्हे काय?

ह्या कलेंत कारागिराचे कष्ट प्रत्येक पानावर दिसतात. फक्त पाहणारा पाहिजे. ‘ड्रॅगन बॉल’च्या नायकाचे केस एका प्रसंगीं काळ्याचे सोनेरी होतात, म्हणजे कागदावर अर्थात् कोरे राहतात. ह्या रूपांतरावर भक्तजनांनीं पानेंच्या पानें लिहिलीं. तोरियामांनीं स्वतः दिलेलें कारण साधें आहे: काळे केस शाईनें भरण्यांत साहाय्यकाचा फार वेळ जाई, तो वांचावा. घरें, गल्ल्या काढीत बसण्याचा त्रास नको म्हणून लढाया ओसाड माळावर नेल्या, हेंहि त्यांचेंच सांगणें. दर आठवड्याला पंधरावीस पानें द्यावयाचीं, साडेदहा वर्षें. त्यांत उसंत मिळविण्यासाठीं एका मनुष्यानें केसांचा रंग बदलला, आणि तो रंग जगभरच्या मुलांच्या डोक्यांत बसला. मला ही गोष्ट त्यांच्या सर्व लढायांहून अधिक हृदयस्पर्शी वाटते. आणि मागणी करणारे कोण होते? प्रकाशक होतेच, पण प्रकाशकाच्या मागें, दर आठवड्याला हात पसरून उभे असलेले, लाखों वाचक होते.

मिउरांच्या बाबतींत पुढें जें झालें तें सांगतों आणि थांबतों, कारण त्यावरूनहि ह्या मुलांत दोन तट पडले आहेत. मिउरांचे शाळेपासूनचे मित्र कोजी मोरी हेहि चित्रकथाकार. कथेचा शेवट काय व्हावयाचा तो मिउरांनीं ह्या मित्राला सुमारें तीस वर्षांपूर्वीं बसून सांगितला होता. जून २०२२ पासून मिउरांच्या साहाय्यकांनीं, मोरींच्या देखरेखीखालीं, कथा पुढें चालविली आहे. मिउरांनीं जें सांगितलें तेवढेंच आपण लिहूं, आठवत नाहीं तें लिहिणार नाहीं, असें मोरींनीं प्रारंभींच जाहीर केलें. एक तट म्हणतो, ही रेषा त्यांची नाहीं, अर्धवट राहूं द्यावयाची होती. ‘एड्विन ड्रूड’ नाहीं का राहिली? दुसरा म्हणतो, मित्राला सांगून ठेवलेली गोष्ट मित्रानें सांगितलीच पाहिजे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. डिकन्सलाहि असा कोणी मोरी मिळाला असता तर दीडशें वर्षांचे कितीतरी पांडित्यपूर्ण तर्क वांचले असते, आणि आमच्यापैकीं कित्येकांच्या पदव्या बुडाल्या असत्या.

त्या मुलीचा अर्ज मीं परत मागवून घेतला आहे. शेरा खोडून नवा लिहिला आहे. तिच्या कामासाठीं ‘ड्रॅगन बॉल’चे ४२ भाग महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत असावेत म्हणून मागणीपत्र दिलें. ग्रंथपालांनीं विचारलें कीं हीं पुस्तकें कोणत्या कपाटांत लावावयाचीं. दशमान वर्गीकरणाप्रमाणें चित्रकथा ७४१.५ मध्यें, म्हणजे रेखाटनाच्या शेजारीं जातात, आणि तें कपाट चित्रकलेचा वर्ग बंद झाल्यापासून कुलपांत आहे. किल्ली कोणाकडे आहे ह्याची चौकशी चालू आहे.